एकास बाराचा उतार

जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरवलेल्या ‘स्ट्रिंग्ज’ परिषदेसाठी ते आधी मुंबईत उतरले आणि आपला एकोणसाठावा वाढदिवस त्यांनी इथेच साजरा केला. त्यांना व्हीलचेअरसकट गाडीत चढता यावे म्हणून महिंद्र कंपनीने एक आर्माडा खास बदलून दिली होती. मुंबईहून ते दिल्लीला गेले. तिथे त्यांना ऐतिहासिक स्मारके पाहायची होती आणि स्मारकांना पायऱ्या होत्या. पुरातत्त्व खात्याने लाकडी फळ्यांचे तात्पुरते उतार ठोकून घेतले. हॉकिंग यांनी कुतुबमिनार पाहिला, जंतरमंतर पाहिले.

दिल्लीतल्या व्हीलचेअरवरच्या माणसांनी ही बातमी वाचली तेव्हा त्यांना आनंद झाला आणि रागही आला. सार्वजनिक वास्तूंमध्ये उतार असले पाहिजेत, असे सांगणारा संसदेचा कायदा तेव्हा लागू होऊन जवळजवळ पाच वर्षे झाली होती. त्या पाच वर्षांत जे झाले नव्हते ते एका पाहुण्यासाठी काही दिवसांत झाले. म्हणजे लाकूड होते, सुतार होते, पैसाही होता. मग अडले कुठे होते? मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर स्मारकांपाशी सापडत नाही. ते महापालिकेच्या इमारत परवानगीच्या टेबलावर सापडते. पुढची हकिकत त्या टेबलाची आहे.

आपल्या शहरांचे बांधकामाचे नियम भीतीतून जन्माला आले. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला, माणसे पटापट मेली, आणि दोन वर्षांनी शहर सुधारणा न्यास स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, खोल्यांत वारा आणि उजेड येऊ द्यायचा, हे त्याचे काम होते. पुढच्या सगळ्या नियमांवर त्या काळाचा ठसा राहिला. खिडकी किती मोठी हवी, दोन इमारतींत किती अंतर हवे, सांडपाणी कुठून जावे, जिना आगीत टिकेल का, भिंत अंगावर पडणार नाही ना, हे सगळे नियमांनी विचारले. इमारतीत शिरणारा माणूस दोन पायांवर चालत येईल का, हे मात्र कोणी विचारले नाही. ते गृहीतच होते.

त्यातला एक नियम नीट पाहण्यासारखा आहे. पावसाचे पाणी घरात शिरू नये, भिंतींना ओल चढू नये म्हणून जोते जमिनीपासून उंच हवे. राष्ट्रीय इमारत संहितेने ही उंची किमान ४५ सेंटिमीटर धरली. ज्या मुलखात चार महिने पाऊस कोसळतो तिथे हा नियम शहाणपणाचाच आहे, त्याला नावे ठेवता येणार नाहीत. पण ४५ सेंटिमीटर म्हणजे तीन पायऱ्या, आणि चाकाच्या खुर्चीला तीन पायऱ्या म्हणजे भिंतच. घर कोरडे ठेवणाऱ्या नियमानेच काही माणसांना घराबाहेर ठेवले. तसा कोणाचा हेतू नव्हता. हेतू नसल्यामुळेच ते फार काळ कोणाच्या ध्यानातही आले नाही.

या भिंतीवर उपाय म्हणून जगभर जो आकडा मान्य झाला तो १:१२. एक फूट चढायचे असेल तर बारा फूट लांबीचा उतार. हा आकडा अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून आला. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेले तरुण सैनिक सरकारी खर्चाने शिकायला निघाले, पण विद्यापीठाच्या इमारती त्यांना आत घेत नव्हत्या. १९४८ मध्ये टिमोथी न्यूजेंट नावाच्या तरुणाने अशा विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम सुरू केला. वसतिगृहे, वर्ग, बस, खेळ, एकेक गोष्ट चाकांच्या सोयीची करत तो उपक्रम वाढला. अंदाजाने न बोलता मोजून पाहायचे, ही न्यूजेंट यांची पद्धत. त्या विद्यापीठातल्या अभ्यासावर उभे राहिलेले पहिले अमेरिकी मानक १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. जेमतेम काही पानांचे हे मानक होते. दरवाजा किती रुंद हवा, स्वच्छतागृहात वळायला किती जागा हवी, उतार किती सौम्य हवा, हे त्यात लिहिले होते. ते पाळण्याची सक्ती मात्र नव्हती. केंद्र सरकारच्या पैशाने होणाऱ्या इमारतींवर अमेरिकेत सक्ती झाली ती १९६८ च्या कायद्याने. मानक आणि सक्ती यांच्यात त्यांची सात वर्षे गेली. आपली किती गेली ते पुढे येईलच.

भारतातही कागद नव्हता असे नाही. अपंगांसाठी इमारती कशा असाव्यात यावर भारतीय मानक संस्थेचे एक मानक होते आणि १९८७ मध्ये ते सुधारूनही निघाले. पण ते शिफारशींच्या रूपात. नकाशा मंजूर करणाऱ्या अभियंत्याला ते उघडून पाहण्याचे कारण नव्हते. या काळात महाराष्ट्रात जे काही घडले ते माणसांनी आपल्या हिमतीवर घडवले. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आले तेव्हा जिना, उंबरठा आणि शौचालयाचे दार या तीन गोष्टी एखाद्याचे शिक्षण, नोकरी, लग्न कसे ठरवतात हे मराठी वाचकाला प्रथमच इतक्या जवळून दिसले. संस्थेच्या आवारात आपल्या मनासारखी इमारत बांधता येते. आवाराबाहेरचे टपाल कार्यालय, बँक, तहसील कचेरी यांचे काय, हा प्रश्न कायद्याशिवाय सुटणारा नव्हता.

कायदा आला तो दिल्लीतल्या रेट्यातून. १९९२ च्या डिसेंबरात बीजिंगमध्ये आशिया-प्रशांत विभागातल्या देशांची परिषद झाली आणि अपंगांच्या समान सहभागाचा जाहीरनामा निघाला. भारत त्यात सामील होता. जाहीरनामा अंगावर घेतला की कायदा करणे ओघाने आले. पण विधेयक रेंगाळू लागले. जावेद अबिदी नावाचा तिशीतला तरुण तेव्हा दिल्लीत होता. जन्मापासून मणक्याचा विकार, व्हीलचेअरवर वावर, पत्रकारितेचे शिक्षण अमेरिकेत. उतार आणि लिफ्ट असलेल्या विद्यापीठात शिकून १९८९ मध्ये तो मायदेशी परतला होता. खुर्ची तीच होती, पण इथे तिला शिरायला वाटच नव्हती. अबिदी आणि त्यांच्या साथीदारांनी १९९३ मध्ये अपंग हक्क गट स्थापन केला आणि १९९५ च्या डिसेंबरात, संसदेचे हिवाळी अधिवेशन संपायच्या बेतात असताना, अपंग माणसे दिल्लीच्या रस्त्यावर निदर्शनांना उतरली. त्याच महिन्यात विधेयक मंजूर झाले. ७ फेब्रुवारी १९९६ पासून कायदा अमलात आला.

त्या कायद्याचे ४६ वे कलम आपल्या विषयाचे. सार्वजनिक इमारतींत उतार, व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या सोयीची स्वच्छतागृहे, लिफ्टमध्ये ब्रेल खुणा आणि आवाजी सूचना, रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत उतार. यादी चांगली होती. सरकारांबरोबर ‘स्थानिक प्राधिकरणे’ हे शब्दही त्यात होते, म्हणजे महापालिका आणि नगरपालिका पहिल्यांदाच या जबाबदारीत ओढल्या गेल्या. पण कलमाच्या सुरुवातीलाच एक अट होती. हे सगळे आपल्या आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत करायचे. मुदत नव्हती. न करणाऱ्याला शिक्षा नव्हती. त्या संपूर्ण कायद्यात शिक्षेची तरतूद होती ती अपंगांसाठीचे लाभ लबाडीने लाटणाऱ्याला. उतार न बांधणाऱ्या कार्यालयाला काहीच नाही.

कुवतीची मर्यादा कोण ठरवणार? ज्याने खर्च करायचा तोच. या एका अटीने पुढची वीस वर्षे खाल्ली, असे मी म्हणेन.

तरीही कायद्याने काही चाके हलली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९८ मध्ये अडथळामुक्त इमारतींची मार्गदर्शक पुस्तिका काढली. केंद्राच्या नगरविकास खात्याने राज्यांना आदर्श उपविधी धाडले आणि राज्यांनी ते आपापल्या विकास नियंत्रण नियमावलीत उतरवून घेतले. इलिनॉयमधला तो १:१२ अशा रीतीने आपल्या महापालिकांच्या फायलींत पोहोचला. आजही नियमावलीत तेच आकडे सापडतात. उतार १:१२ हून तीव्र नको, रुंदी किमान १८०० मिलिमीटर, सलग लांबी ९ मीटरहून जास्त नको, दोन्ही बाजूंना कठडे आणि ते वर-खाली ३०० मिलिमीटर पुढे आलेले. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर. लिफ्ट तेरा माणसांची, आत ११०० मिलिमीटर खोल आणि २००० मिलिमीटर रुंद. स्वच्छतागृह किमान १५०० बाय १७५० मिलिमीटर. यातला एकही आकडा हौसेचा नाही. कठडा ३०० मिलिमीटर पुढे का? कारण उतार संपतो तिथेच तोल जातो. ९ मीटरनंतर थांबा का? कारण हाताने चाक ढकलणाऱ्याचे खांदे तिथे भरून येतात.

पण याच आदर्श उपविधींत एक ओळ होती. हे नियम शाळा, कार्यालये, सभागृहे, दुकाने अशा लोकांच्या वापरातल्या इमारतींना लागू. खासगी आणि सरकारी निवासस्थानांना नाहीत. शिवाय पुष्कळ ठिकाणी २००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडापुरतीच त्यांची व्याप्ती. माणूस दिवसाचे किती तास टपाल कार्यालयात असतो आणि किती तास घरी? ज्याला घरातून खालीच उतरता येत नाही त्याला कचेरीच्या दारातल्या उताराचा काय उपयोग? घरे वगळण्यामागे खासगी मालमत्तेत ढवळाढवळ नको, असा विचार असावा. पण खिडकी किती मोठी हवी हे सांगताना त्याच नियमांना हा संकोच वाटत नव्हता.

घरे वगळण्याची ही सवय जुनीच; तिचा परिणाम मुंबई-पुण्यातल्या ज्या इमारतींनी भोगला त्या आपल्या परिचयाच्या आहेत. तळमजला अधिक तीन किंवा चार मजले, एकच अरुंद जिना, लिफ्ट नाही. ठरावीक उंचीखालच्या इमारतीला लिफ्टची सक्ती नव्हती म्हणून सहकारी सोसायट्यांच्या आणि म्हाडाच्या शेकडो इमारती अशा उभ्या राहिल्या. तिथे पस्तिशीत जिने चढून राहायला गेलेली जोडपी आता पंच्याहत्तरीत आहेत. गुडघे गेलेल्या आजी तिसऱ्या मजल्यावरून दवाखान्यापुरत्या खाली येतात, त्याही प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, दोन शेजाऱ्यांच्या हातांवर. २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग मोजले. या आजी त्या आकड्यात नसतील.

अशा सोसायटीने ठरवले की आपण उतार बांधू, तर काय होते? आधी सर्वसाधारण सभेचा ठराव. तिथे पहिला आक्षेप पार्किंगचा येतो. ४५ सेंटिमीटर जोत्याला एकास बाराने ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो आणि वर-खाली खुर्ची वळायला दीड-दीड मीटर सपाट जागा. इमारतीपुढे तीनच मीटर मोकळे असतील तर उतार वळवून बाजूने न्यावा लागतो, आणि बाजूच्या जागेत गाड्या उभ्या असतात. ठराव झालाच तर वास्तुविशारद किंवा परवानाधारक सर्वेक्षक नेमायचा. मुंबईत महापालिका कायद्याच्या ३४२ व्या कलमाखाली इमारतीत भर घालण्याची किंवा बदल करण्याची सूचना द्यायची. शिवाय १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहेच. मोकळ्या अंतरात पक्के बांधकाम आले म्हणून शेरा येतो. अग्निशमनची गाडी फिरेल का, हा रास्त प्रश्न येतो. लिफ्ट बसवायची तर संरचना अभियंत्याचा दाखला आणि लिफ्ट निरीक्षकाची परवानगी. १९३९ च्या मुंबई लिफ्ट कायद्यापासून लिफ्ट उभारायला वेगळी परवानगी आणि चालवायला वेगळा परवाना लागत आला आहे. यातली प्रत्येक अट एकेकटी पाहिली तर बरोबर आहे. पण त्या सगळ्या पार करेपर्यंत सोसायटीचा सचिव बदलतो आणि फाईल कपाटात जाते. कंटाळून कोणी सिमेंटचा एक तीव्र चढ ओतून घेतो. तो १:५ असतो. त्यावरून दुचाकी चढते, खुर्ची चढत नाही, आणि परवानगी नसल्याने तो अनधिकृतही ठरू शकतो.

सार्वजनिक इमारतींच्या आघाडीवर पुढची मोठी चालना निवडणुकीने दिली. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर अपंग हक्क गटाने मतदान केंद्रांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. मतदान केंद्रे बहुतेक शाळांत असतात आणि शाळांना पायऱ्या असतात. निवडणूक सुरू असतानाच न्यायालयाने केंद्रांवर लाकडी उतार उभारायला सांगितले. पुन्हा लाकूडच, पण या वेळी एका पाहुण्यासाठी नाही. मत द्यायला आलेल्या कोणाही नागरिकासाठी. नंतरच्या निवडणुकांत हे उतार सवयीचे झाले आणि कित्येक शाळांत ते पक्के झाले. आज गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या दारात कठड्याचा उतार दिसतो त्याच्या पूर्वेतिहासात हा आदेश आहे.

दुसरा खटला २००५ मध्ये दाखल झाला. राजीव रतुरी हे दृष्टिहीन कार्यकर्ते दिल्लीत मानवी हक्कांच्या क्षेत्रात काम करत. रस्ते, वाहतूक आणि सार्वजनिक इमारती दृष्टिहीनांना सुरक्षितपणे वापरता याव्यात, एवढीच त्यांची मागणी होती. हा खटला पुढे एकोणीस वर्षे चालत राहील असे तेव्हा कोणाच्या मनात आले नसेल. दरम्यान संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी शिक्कामोर्तब केले आणि जुना कायदा अपुरा ठरला. २०१५ च्या ३ डिसेंबरला सुगम्य भारत अभियान सुरू झाले. निवडक शहरांतल्या सरकारी इमारतींची तपासणी झाली, काही बदलल्याही, पण उद्दिष्टांच्या मुदती पुन्हा पुन्हा पुढे गेल्या.

२०१६ च्या डिसेंबरात संसदेने नवा दिव्यांग हक्क कायदा केला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे ४४ वे कलम मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल वाटते. सुगम्यतेच्या नियमांत न बसणारा नकाशा असेल तर बांधकामाची परवानगी द्यायची नाही. आणि बांधून झाल्यावर नियम पाळलेले नसतील तर पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, इमारतीचा ताबा घेऊ द्यायचा नाही. ज्याला बांधकाम व्यवसाय ‘ओसी’ म्हणतो, त्या भोगवटा प्रमाणपत्राशी उतार पहिल्यांदा बांधला गेला. बांधकामाच्या जगात कोणती गोष्ट खरोखर पाळली जाते? जिच्यावाचून ओसी अडते ती. अग्निशमनचा दाखला त्यामुळेच मिळवला जातो. पावसाचे पाणी साठवण्याची टाकी त्यामुळेच बांधली जाते. १९९५ च्या कायद्याने उताराला सद्भावनेवर सोडले होते. २०१६ च्या कायद्याने तो परवानगीच्या टेबलावर आणून ठेवला. ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत लोकांचा वावर असलेल्या खासगी इमारतीही आल्या. आर्थिक कुवतीची ती अट इथे नव्हती. उल्लंघनाला दंड आला, पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढच्या वेळी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. ४५ व्या कलमाने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली.

नियम १५ जून २०१७ रोजी जाहीर झाले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला रतुरी खटल्यात न्या. अर्जनकुमार सिकरी आणि न्या. अशोक भूषण यांनी निकाल दिला. दिल्लीतल्या आणि राज्यांच्या राजधान्यांतल्या निम्म्या सरकारी इमारती डिसेंबर २०१८ पर्यंत सुगम्य करा, असा एक आदेश त्यात होता. तारखा होत्या, जबाबदाऱ्या होत्या. जावेद अबिदी यांनी हा निकाल पाहिला; ४ मार्च २०१८ रोजी ते गेले. महाराष्ट्रात २ डिसेंबर २०२० रोजी एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली आणि मुंबईसारखे काही अपवाद सोडता राज्यभर अडथळामुक्त प्रवेशाच्या तरतुदी एका पुस्तकात आल्या. मुंबईची वेगळी नियमावली २०१८ पासून लागू झालीच होती.

जून २०२२ मध्ये पाच वर्षांची मुदत संपली. पायऱ्या होत्या तिथेच होत्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीलचेअर वापरणारी एक तरुणी लग्नाची नोंदणी करायला मुंबईत खारच्या कार्यालयात गेली. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिला उचलून वर न्यावे लागले. आपल्या लग्नाच्या दिवशी जिन्यात हातांवर तोललेले असताना पडलो तर, ही भीती तिने जाहीरपणे मांडली, तेव्हा राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांपर्यंत दखल घेतली गेली. त्याच वर्षी एका तरुणाने मुंबई उच्च न्यायालयाला लिहिले, की पदपथांवर दुचाक्या चढू नयेत म्हणून महापालिकेने जे खांब रोवले आहेत त्यांच्यामधून व्हीलचेअर जात नाही. न्यायालयाने ते पत्र स्वतःहून जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतले. पदपथ चालणाऱ्यांसाठी मोकळे राहावेत, हा हेतू चांगलाच. पण जोत्याच्या नियमात पूर्वी जे झाले तेच इथे पुन्हा झाले. खांब रोवणाऱ्यासमोर चालणारा माणूस म्हणून एकाच प्रकारचे शरीर होते.

मग कायदा इतका स्पष्ट असताना असे का? याचे उत्तर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी मिळाले. रतुरी खटला अजून चालूच होता. न्यायालयाच्या सांगण्यावरून हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या अपंगत्व अभ्यास केंद्राने देशभरातल्या सुगम्यतेचा अहवाल दिला होता. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जमशेद पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांनी तो विचारात घेतला. सरन्यायाधीशांचा तो कामाचा शेवटचा दिवस होता. खंडपीठाने दाखवून दिले की खोट कायद्यात नसून त्याखालच्या नियमात आहे. कायद्याने म्हटले होते, बंधनकारक नियम करा. २०१७ च्या नियमांतल्या १५ व्या नियमाने मात्र निरनिराळ्या खात्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकांकडे बोट दाखवले, आणि त्या पुस्तिकांची भाषा शिफारशींची होती. शिफारस मोडली म्हणून ओसी कशी अडवणार? दंड कशाचा करणार? ४४ वे कलम धारदार होते, पण कापायला त्याच्यापुढे ठाम असे काही ठेवलेच नव्हते. न्यायालयाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि ज्यांत तडजोड नाही असे किमान नियम तीन महिन्यांत वेगळे काढून बंधनकारक करा, असा आदेश केंद्राला दिला. ते झाले की पूर्णत्वाचा दाखला रोखणे आणि दंड करणे ही कलमे खरोखर वापरा, हेही सांगितले. इलिनॉयचे मानक १९६१ चे, अमेरिकेतली पहिली सक्ती १९६८ ची. आपले सुधारित मानक १९८७ चे, आणि ते खरोखर बंधनकारक करा हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले २०२४ मध्ये.

माझ्या मते या निकालाची खरी कसोटी दिल्लीत होणार नाही. ती प्रभाग कार्यालयात आणि नगररचना विभागात होईल. बंधनकारक आकडे हातात आल्यावर कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन टेप लावून उतार मोजतो का, यावर सगळे अवलंबून आहे. आणि जुन्या इमारतींत उतार किंवा लिफ्ट बसवू पाहणाऱ्या सोसायटीला एका खिडकीवर, ठरलेल्या दिवसांत, अधिमूल्य न आकारता परवानगी मिळण्याची सोय झाली पाहिजे. दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी महापालिकांकडे असतो. त्यातला वाटा या कामाला देणे अवघड नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? मुंबई, ठाणे, पुणे इथल्या जुन्या सोसायट्या झपाट्याने पुनर्विकासाला निघाल्या आहेत. लिफ्ट नसलेल्या त्याच चार मजली इमारती. विकासकाचा नकाशा सर्वसाधारण सभेपुढे येतो तेव्हा चर्चा चटई क्षेत्राची, भाड्याची, कॉर्पसची आणि पार्किंगची होते. त्या सभेत उठून आणखी चार प्रश्न विचारा. फाटकापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी न लागता जाता येते का? उतार १:१२ आहे का, आणि तो नकाशावर लांबीसकट दाखवला आहे का? लिफ्टचे दार ९०० मिलिमीटर उघडते का? घरातल्या न्हाणीघराच्या दारातून खुर्ची आत जाते का? नव्या बांधकामात ही जागा पहिल्यापासून धरली तर तिचा बोजा कोणावर पडत नाही. इमारत उभी राहिल्यावर तीच गोष्ट तोडफोड, परवानग्या आणि भांडणे घेऊन येते. उत्तरे तोंडी घेऊ नका, करारनाम्यात लिहून घ्या. आणि नकाशात दाखवलेला उतार जागेवर दिसला नाही, तर महापालिकेकडे आणि पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. भोगवटा प्रमाणपत्र निघायच्या आधी करा.